देवळाचा उंबरठा आणि विश्वाचे नागरिकत्व

सन १९४८ च्या नोव्हेंबरअखेरपासून १९४९ च्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांच्या अवधीत, तीन निरनिराळ्या ठिकाणी तीन घटना घडल्या. त्या घडविणाऱ्या मंडळींचा परस्परांशी काही संबंध नव्हता. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी दिल्लीत भारताच्या घटना समितीने अस्पृश्यता नष्ट केल्याचे कलम मंजूर केले. मसुद्यात त्याचा क्रमांक ११ होता. आज आपण ते १७ वे कलम म्हणून ओळखतो. त्यानंतर अकराव्या दिवशी, १० डिसेंबर रोजी, पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, ८ तटस्थ राहिली, विरुद्ध एकही गेले नाही. आणि १९४९ च्या फेब्रुवारीत दक्षिण कानडा जिल्ह्यातील मुल्की येथील श्रीव्यंकटरमण देवस्थानाच्या विश्वस्तांनी दुय्यम न्यायाधीशांपुढे दावा गुदरला की, हे देऊळ गौड सारस्वत ब्राह्मणांचे आहे, इतर हिंदूंना त्यात पूजेचा अधिकार नाही, सबब मद्रास सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदा त्यास लागू होत नाही.

पहिल्या दोन घटना शाळेच्या पुस्तकांत आल्या आहेत. तिसरी वकिलांच्या कपाटातील निकालसंग्रहात राहिली. तथापि, समतेचा आणि न्यायाचा विचार ज्यांना केवळ सभेत बोलण्यापुरता करावयाचा नसून आपल्या देवळाच्या पायरीवर बसून करावयाचा आहे, त्यांना ह्या तिसऱ्या घटनेपासून शिकण्यासारखे अधिक आहे. कारण मोठी तत्त्वे दिल्लीस किंवा पॅरिसला मान्य करणे तुलनेने सोपे असते. तीच तत्त्वे आपल्या कुलदेवतेच्या दाराशी येऊन उभी राहिली, म्हणजे मनाची खरी कसोटी लागते. मुल्कीच्या दाव्यात ती कसोटी लागली. म्हणून त्या दाव्याची हकीगत येथे थोडी विस्ताराने सांगावयाची आहे.

ही हकीगत गोमंतकापासूनच सुरू होते. खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्राच्या आरंभी ह्या समाजाची परंपरा नमूद केलेली आहे: मूळ वास्तव्य काश्मिरात, तेथून मिथिला व बिहार, आणि अखेरीस गोव्याच्या परिसरातील साठ गावांत वसाहत, स्वत:ची कोंकणी भाषा, आपसांतच सोयरीक, आणि बरोबर आणलेल्या देवतांची उपासना. ह्या परंपरेच्या खरेखोटेपणाचा निवाडा न्यायालयाने केलेला नाही. असे सांगतात, एवढेच म्हटले आहे. पुढचा भाग मात्र इतिहासाचा आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली. १५४३ मध्ये बारदेश व साष्टी त्यांच्या हाती गेली. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले. त्याच दशकात साष्टीतील देवळांचा विध्वंस झाला. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. आज ज्या अंत्रुज महालास आपण देवभूमी म्हणतो तो त्या वेळी पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर, विजापूरच्या आदिलशाहीच्या मुलखात होता. आपले देव परमुलखाच्या आश्रयास गेले, आणि तो आश्रय त्यांना मिळाला, ही गोष्ट आपण पालखीच्या गजरात पुष्कळदा विसरतो.

ज्यांना अंत्रुजही जवळचे वाटले नाही ते आणखी दक्षिणेस गेले. काही भटकळास थांबले, काही कोचीनपर्यंत पोहोचले. निकालपत्रातील हकीगतीनुसार पुढे मुल्की प्रांताच्या एका नायकाने भटकळाहून ह्या समाजाची पाच कुटुंबे आपल्या मुलखात आणली, त्यांना वसविले, त्यांच्यासाठी देऊळ बांधले, त्यांचा देव त्यात स्थापन केला आणि देवाच्या नावे जमिनी तोडून दिल्या. तोच मुल्कीचा श्रीव्यंकटरमण. हळूहळू आणखी कुटुंबे आली, वस्ती वाढली आणि देवळाचा कारभार समाजाच्या हाती राहिला. १९१५ मध्ये कारभाराची योजना ठरविण्यासाठी एक दावा झाला, आणि १९२१ च्या हुकूमनाम्याने हे देवस्थान ह्या समाजाचे असल्याचे व त्याचा कारभार समाजाने निवडलेल्या विश्वस्तांकडे असल्याचे नमूद झाले. तात्पर्य, विश्वस्तांचे म्हणणे पोकळ नव्हते. त्यांच्या हाती इतिहास होता आणि कागदही होता.

आता दुसरी बाजू पाहू. ज्या हिंदूंना देवळाच्या बाहेर उभे राहावे लागत होते त्यांच्याही हाती इतिहास होता; कागद मात्र नव्हता. त्रावणकोरात १९२४ साली वैकमच्या सत्याग्रहाचा प्रश्न देवळात शिरण्याचा नव्हताच. देवळाभोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालण्याचा होता. त्याच संस्थानच्या महाराजांनी १२ नोव्हेंबर १९३६ रोजी जाहीरनामा काढून आपल्या देवळांची दारे सर्व हिंदूंना मोकळी केली. महाराष्ट्रात २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. केवळ मंदिरप्रवेशाने अस्पृश्यांचे सर्व प्रश्न सुटणार नाहीत, हे आंबेडकरांनी आरंभीच स्पष्ट केले होते. त्यांच्या दृष्टीने ती स्पृश्य हिंदूंच्या मनाची परीक्षा होती: समोरच्यास तुम्ही माणूस मानता की नाही, एवढाच प्रश्न. त्या परीक्षेचा निकाल काय लागला हे आपण जाणतोच. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरच्या श्रीविठ्ठलाचे दार हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे ते १० मे असे उपोषण केले. ज्या विठ्ठलासाठी चोखोबा बाहेर उभा राहिला, त्याचे दार उघडण्यासाठी विसाव्या शतकात एका शिक्षकास आपला देह पणाला लावावा लागला.

त्याच वर्षी मुंबई व मद्रास ह्या दोन्ही प्रांतांत मंदिरप्रवेशाचे कायदे झाले. मद्रासच्या कायद्यात प्रथम देऊळ ह्या शब्दाची व्याख्या, सर्वसाधारण हिंदू समाजाच्या उपासनेसाठी अर्पण केलेले स्थान, अशी होती. मुल्कीच्या विश्वस्तांनी सरकारास अर्ज केला की, आमचे देऊळ ह्या व्याख्येत बसत नाही, कारण ते सर्वसाधारण हिंदूंचे नाही. जून १९४८ मध्ये सरकारने उत्तर दिले की बसते. त्यावर फेब्रुवारी १९४९ चा दावा झाला. दावा चालू असतानाच विधिमंडळाने व्याख्या दुरुस्त केली आणि हिंदूंच्या एखाद्या विभागाच्या उपासनेसाठी असलेली देवळेही कायद्याखाली आणली. मग २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, आणि विश्वस्तांनी दाव्यात दुरुस्ती करून घटनेचाच आधार घेतला: २६ व्या कलमाने प्रत्येक धर्मसंप्रदायास धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क दिला आहे, आमच्या देवळात कोणी यावे हे ठरविणे हा त्याच हक्काचा भाग आहे. अशा रीतीने एका गावच्या देवळाचा तंटा नव्या राज्यघटनेच्या अर्थाचा तंटा झाला.

दुय्यम न्यायालयात विश्वस्त हरले. मद्रास उच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला: देऊळ सर्व हिंदूंना खुले राहील; मात्र काही ठराविक विधींच्या वेळी व विशेष प्रसंगी केवळ गौड सारस्वत ब्राह्मणांनाच आत राहण्याचा हक्क असेल. हा निर्णय दोन्ही पक्षांना रुचला नाही. विश्वस्त अपिलात गेले. विधींसाठी ठेवलेल्या सवलतीविरुद्ध सरकारनेही विशेष परवानगी मागितली. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन दक्षिण कानडा म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे मद्रास सरकारविरुद्ध सुरू झालेला हा खटला निकालसंग्रहांत श्रीव्यंकटरमण देवरू विरुद्ध म्हैसूर राज्य ह्या नावाने प्रसिद्ध झाला.

८ नोव्हेंबर १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला. निकालपत्र न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी लिहिले. त्याची रचना मोठी मनोज्ञ आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवर न्यायालयाने विश्वस्तांचेच म्हणणे मान्य केले. हे देऊळ ह्या समाजासाठी स्थापन झाले. इतर हिंदू तेथे येत व देणग्या देत, तेवढ्याने त्याचे सांप्रदायिक स्वरूप पालटत नाही, हे एक. देवळात कोणी कोठवर जावे हा आगमशास्त्रांतील विषय आहे, सबब तो धर्माच्या कक्षेत येतो, हे दुसरे. येथवर वाचणाऱ्यास वाटावे की विश्वस्त जिंकले. परंतु तिसऱ्या पायरीवर २५ वे कलम उभे होते. त्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमाने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करणारा कायदा करण्याची मुभा राज्यास दिली आहे. विश्वस्तांचे वकील म्हणाले, २५ वे कलम व्यक्तींच्या हक्कांपुरते आहे, संप्रदायांच्या हक्कांस ते बाध आणीत नाही. न्यायालयाने हे अमान्य केले. सार्वजनिक धर्मसंस्था ह्या शब्दांत संप्रदायांची देवळेही येतात; तीच वगळली तर कलमाचा हेतूच विफल होईल.

मग २६ वे कलम निरर्थक झाले काय? न्यायालयाने तसेही होऊ दिले नाही. दोन कलमे परस्परविरोधी दिसली तर एकाचा बळी देऊन दुसरे जगविण्याऐवजी दोन्ही जगतील असा अर्थ लावावा, हा कायद्याचा जुना नियम आहे. मीमांसकांचा समन्वयही ह्याहून फार वेगळा नाही. न्यायालयाने विवेक सांगितला तो असा. देवळात प्रवेशाचा हक्क उदारपणे मानला पाहिजे, पण तो अमर्याद नव्हे. अष्टौप्रहर देऊळ उघडे ठेवा, किंवा अर्चकाने करावयाची पूजा मीच करीन, असे कोणी म्हणू शकणार नाही. त्याचप्रमाणे संप्रदायाने आपले काही विधी आपल्यापुरते राखले तर त्यास हरकत नाही. मात्र ते राखल्यानंतर लोकांच्या वाट्यास जे उरेल ते धान्य असले पाहिजे, भुसा असता कामा नये. संप्रदायाचा हक्क एवढा फुगला की लोकांचा हक्क नावापुरताच उरला, तर संप्रदायाने मागे सरावे. ह्या मापाने मोजता उच्च न्यायालयाची योजना योग्य ठरली. विश्वस्तांचे अपील आणि सरकारचा अर्ज दोन्ही फेटाळले गेले.

ह्या निकालावर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेता येतात. परंपराभिमानी म्हणतील: ज्यांनी छळ सोसून देव राखला त्यांच्याच देवळात त्यांचा शब्द चालू नये, हा कोणता न्याय? सुधारक म्हणतील: थोड्या वेळापुरता का होईना, माणसास जातीवरून बाहेर उभे करण्यास सर्वोच्च न्यायालयाने संमती दिलीच ना? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे पूर्ण समाधान ह्या निकालात नाही. विधी राखून ठेवण्याची सवलत हळूहळू प्रवेशबंदीची पळवाट होऊ शकते, हे व्यवहार जाणणारा कोणीही सांगेल. म्हणूनच धान्य आणि भुसा हे माप महत्त्वाचे. ते एकदा लावून कपाटात ठेवण्याचे नव्हे. दर पिढीने आपल्या देवळाच्या वहिवाटीस ते पुन:पुन्हा लावून पाहावयाचे असते. आपल्या न्यायालयांनीही हा विषय सोडलेला नाही. १९६६ साली स्वामिनारायण पंथाच्या खटल्यात, आपली देवळे हिंदू देवळांच्या कायद्याखाली येतच नाहीत, हे म्हणणे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या न्यायासनाने फेटाळले. २०१८ साली शबरीमलाच्या खटल्यात स्त्रियांच्या प्रवेशाच्या प्रश्नावर मुल्कीच्या ह्याच निकालाची पुन्हा चर्चा झाली, आणि तेथे उपस्थित झालेले व्यापक प्रश्न २०१९ मध्ये अधिक मोठ्या न्यायासनाकडे सोपविण्यात आले.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र निकालापेक्षा मुल्कीच्या स्वत:च्या इतिहासातच आहे. ते देऊळ बांधले कोणी? छळामुळे देशोधडी लागलेल्या पाच कुटुंबांना जवळ करणाऱ्या एका स्थानिक नायकाने. तो त्यांच्या गावचा नव्हता, त्यांच्याबरोबर भटकळाहून आलेला नव्हता. जमीन त्याच्या मुलखातली, दगड त्याच्या मुलखातले. विश्वस्तांचे म्हणणे सर्वांशाने मान्य केले असते, तर ज्या भूमीने देवास जागा दिली त्या भूमीच्याच लेकरांना त्या देवापुढे उभे राहण्याचा हक्क उरला नसता. छळाची स्मृती पवित्र आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या जपावी. परंतु तिच्याबरोबर आश्रयाची स्मृतीही जपावयास हवी. पोर्तुगीजांनी देऊळ पाडले, हे जो सांगतो त्याने, परक्याने जागा दिली, हेही सांगितले पाहिजे. अर्धी स्मृती अन्यायाचे निमित्त होते.

येथे पॅरिसचा जाहीरनामा पुन्हा आठवतो. त्याचे १४ वे कलम म्हणते की, छळापासून बचावासाठी दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा व तो उपभोगण्याचा हक्क प्रत्येकास आहे. १८ व्या कलमाने धर्मस्वातंत्र्य दिले आहे, एकट्याने आणि इतरांसमवेतही. आणि २९ व्या कलमाने बजावले आहे की, इतरांच्या हक्कांचा मान राखण्यासाठी कायद्याने आपल्या हक्कांस मर्यादा घालता येतील. मुल्कीच्या पूर्वजांनी १४ व्या कलमाचा लाभ ते लिहिले जाण्याच्या कितीतरी आधी घेतला होता. त्यांच्या वंशजांनी १८ व्या कलमातील तत्त्वाचा आधार घेतला. न्यायालयाने त्यांना २९ व्या कलमातील तत्त्वाची आठवण दिली. निकालपत्राचा आधार राज्यघटना हाच होता, जाहीरनामा नव्हे. पण दोन्ही दस्तऐवज एकाच काळाच्या मंथनातून निघालेले असल्यामुळे त्यांचा सूर जुळतो.

हा सूर जुळविण्यात आपल्या परिचयाच्या एका नगरीचाही वाटा आहे. जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या आयोगावर भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता होत्या. त्यांचे वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण होते. पुढे १९४९ मध्ये बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्या त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. जातीबाहेर विवाह करून त्यांनी जातीचा रोष पत्करला होता. मिटलेले दार बाहेरून कसे दिसते हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. पहिल्या कलमाच्या मसुद्यात सर्व पुरुष समान आहेत अशा अर्थाची इंग्रजी शब्दयोजना होती. पुरुष म्हणजे स्त्रियाही आल्याच, असे समर्थन करणारे तेथे होते. हंसाबाईंनी आग्रह धरला, आणि त्या जागी सर्व मानव हे शब्द आले. तोही एक उंबरठाच होता. आल्याच असे म्हणणे निराळे आणि या असे म्हणणे निराळे, हे ज्याला कळले त्याला विश्वाच्या नागरिकत्वाचा अर्थ कळला.

गोमंतक त्या वेळी ह्या सर्वापासून दूर होता. १९४८ च्या मतदानात पोर्तुगाल नव्हता. संयुक्त राष्ट्रसंघात त्याचा प्रवेश १९५५ साली झाला. आपल्या देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज सरकारने १८८६ आणि मग १९३३ च्या नियमांनी बांधून दिला आणि महाजन ह्या जुन्या संस्थेस कायद्याचे रूप दिले. १९६१ च्या डिसेंबरात गोमंतक मुक्त झाला, आणि राज्यघटनेची १७ वी, २५ वी व २६ वी कलमे आपल्या देवळांच्या पायऱ्यांशी आली. महाजन असणे म्हणजे कारभाराचा अधिकार असणे. हिशेब पाहणे, उत्सव पार पाडणे, देवाची मिळकत राखणे हा तो अधिकार. त्यास मुल्कीच्या निकालाने धक्का लावलेला नाही, उलट आधारच दिला आहे. परंतु कारभाराचा अधिकार निराळा आणि दर्शनाचा अधिकार निराळा. महाजनांच्या वहीत नाव नाही म्हणून कोणी देवाच्या वहीतून वगळला जात नाही.

कायद्याचे काम येथे संपते. कायदा दार उघडावयास लावतो. आत आलेल्या माणसास जागा करून देणे त्याच्या हाती नसते. पंगतीत कोणास कोठे बसवितो, तीर्थ कोणत्या हाताने व किती उंचावरून देतो, पालखीस खांदा देण्यास कोण पुढे आला तर भुवया उंचावतात, ह्या गोष्टी कोणत्याही हुकूमनाम्यात येत नाहीत. तेथे धान्य आणि भुसा निवडण्याचे काम आपल्यालाच करावयाचे आहे. आणि ते करताना प्रत्येक देवळाच्या मंडळींनी आपल्या स्थळपुराणातील तो भाग एकदा वाचावा, ज्यात आपला देव रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून दुसऱ्याच्या गावात आला, आणि त्या गावाने, तू कोणाचा, असे न विचारता त्याला जागा दिली.